पहिल्या धड्याला मार्क नसतात

डॉ. शालन घाडी यांची आठवीतली इतिहासाची बाई मी होते. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण दुसरं कोणी ते लिहिणार नाही. स्वतः शालन तर नाहीच नाही. सगळ्यांची नावं बदलली आहेत, शालनचंसुद्धा. माझं तेवढं खरं ठेवलं आहे. माझ्या नावावरून कोणाला काही पत्ता लागेल अशी भीती नाही.

शालन शिलालेख आणि ताम्रपट वाचते. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कोण्या राजाने कोणाला कुठलं गाव दान दिलं, ते झिजलेल्या अक्षरांतून काढून सांगते. मोठी विदुषी आहे. परदेशातली विद्यापीठं तिला बोलावतात, आपल्याकडची सत्कार करतात. पेपरवाले तिला हमखास विचारतात, "याची गोडी लहानपणी कशी लागली?" आणि ती हमखास सांगते, "कांजूरमार्गच्या शाळेत आम्हाला परेराबाई होत्या."

इथवर वाचलं की मी पेपर घडी करून ठेवते. आमचे हे म्हणतात, "अगं, जरा हळू. मला अजून शब्दकोडं सोडवायचंय."

मला परेराबाईंचा हेवा वाटतो. सरळच सांगते. लोक म्हणतात, शिक्षकाला विद्यार्थ्याच्या यशात आनंद असतो, बाकी कशाची अपेक्षा नसते. असं म्हणणाऱ्यांनी शाळेत नोकरी केलेली नसते. मी त्या शाळेत उभं आयुष्य काढलं. भर सभेत माझं नाव घेणारा आजवर एकच विद्यार्थी निघाला, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. "बोलायला मला सामंतबाईंनी शिकवलं," असं तो सांगतो. त्याचं भाषण ज्याने ऐकलं असेल त्याला कळेल मी ही गोष्ट कोणाला का सांगत नाही ते.

आणि परेराबाई शाळेत होत्या किती? तीन महिने. माझ्या बाळंतपणाच्या रजेत बदलीवर आलेल्या. त्या तीन महिन्यांत मी एक इंजिनिअर जन्माला घातला आणि परेराबाईंनी एक विदुषी. माझा इंजिनिअर गुणी मुलगा आहे, पण त्याची मुलाखत घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगते. इतिहास शिकवणं म्हणजे पोर्शन पूर्ण करणं. आठवड्याचे तास ठरलेले. त्यातले काही गणपतीत जातात, काही वक्तृत्व स्पर्धेत, काही साहेब तपासणीला येणार म्हणून वर्ग सजवण्यात. उरलेल्यात अख्खं पुस्तक संपवायचं, पोरांकडून उत्तरं लिहून घ्यायची, ती तपासायची. सहामाहीला सगळ्या तुकड्यांना एकच पेपर. तुमच्या तुकडीचा पोर्शन राहिला तर पोरं कोरे पेपर देणार आणि हेडबाई सगळ्यांसमोर तुमच्याकडे नुसतं बघणार. त्या बोलत नसत. बघत.

आता इतिहासाच्या पुस्तकाचा पहिला धडा घ्या. 'इतिहासाची साधने'. नाणी, शिलालेख, ताम्रपट, भांडी, बखरी. तुम्हीही तो कधी ना कधी वाचला असेल आणि विसरला असाल, कारण तो तुम्हाला कोणी शिकवलाच नाही. त्याच्यावर प्रश्न येत नसे. आलाच तर 'रिकाम्या जागा भरा'मध्ये एखादा. म्हणून आम्ही तो पहिल्या तासाला एका मुलाला मोठ्याने वाचायला लावायचो, तेवढ्यात हजेरी घ्यायचो, आणि घंटा झाली की धडा झाला. ही गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. नव्या सुनेला मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगतात, पण पाहुणे आल्यावर पंख्याखाली आपण बसायचं नसतं, हे का कोणी सांगतं? ते तिला कळायचं असतं.

परेराबाईंना कळलं नाही.

रोझी परेरा ही कांजूर गावठाणातलीच मुलगी. नुकतीच बी. ए. झालेली, बी. एड.ला प्रवेश मिळायची वाट बघत घरी बसलेली. घरचं मराठी, कॉन्व्हेंटचं इंग्रजी, आणि गळ्यात छोटा क्रूस. हेडबाईंनी तिला पुस्तक दिलं, खडू दिला, वर्ग दाखवला. मी तेव्हा मुलुंडला आईकडे होते. ते वर्ष गिरण्यांच्या संपाचं होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप गिरणीत, म्हणजे घरी. डबा न आणणारी पोरं वाढली होती. मधल्या सुट्टीत ती नळावर जाऊन उगाच बराच वेळ पाणी पीत.

रजा संपवून मी आले तेव्हा सहामाही तोंडावर आली होती. स्टाफरूममध्ये रोझी हसतमुखाने सामोरी आली.

"पहिला धडा एकदम झकास झालाय बाई," ती म्हणाली. "पोरांना काय पण विचारा."

"आणि दुसरा?"

"दुसरा अजून नाय काढला."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिने माझं कपाट उघडून दाखवलं. माझ्या नकाशांच्या गुंडाळ्या एका कोपऱ्यात कोंबलेल्या, आणि बाकी कपाटभर भांडी. पितळी वाट्या, एक समई, तांब्याचा गडू, कोणाच्या तरी आजोबांचा गिरणीतला बिल्ला, जुनी भोकाची नाणी. पुस्तकात 'साधने' लिहिलं होतं, म्हणून हिने पोरांना घरून साधनं आणायला सांगितली होती. आणि एकेकाला उभं करून विचारत होती: हे कुठून आलं, कोणाचं होतं, यावर काय कोरलंय, ते कोणी कोरलं?

"अगं, पण याला मार्क कुठे आहेत?" मी म्हटलं.

रोझी जरा गोंधळली. "पहिलाच धडा ना तो? मला वाटलं सगळ्यात महत्त्वाचा असणार."

तिला रागावण्यात अर्थ नव्हता, तिचा तो शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून मी पी. टी.चे तास मागून घेतले, चित्रकलेचे घेतले, शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना थांबवलं. राजे येत होते आणि तहात हरून जात होते. मी शिकवत नव्हते, पळत होते, आणि माझ्यामागून पोरं. शेवटी पोर्शन झाला. निकाल इतर तुकड्यांच्या बरोबरीने लागला. हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. आमच्यात हीच शाबासकी.

शालन या सगळ्यात कुठे होती? खिडकीजवळच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. डावखुरी. लिहिताना मान इतकी वाकडी करायची की शेजारणीची वेणी हिच्या वहीवर यायची. त्या वर्षी ती वडिलांच्या चपला घालून शाळेत यायची, पाय ओढत, म्हणजे चपला निसटायला नकोत. डब्याचं विचारलं की म्हणायची, "आज उपास आहे बाई." आठवड्यात एवढे उपास कुठला देव सांगतो? मी माझ्या डब्यातली पोळी तिला 'ही जास्तीची झाली' म्हणून द्यायचे. ती अर्धी खायची, अर्धी धाकट्या भावासाठी कागदात गुंडाळायची. मुलाखतीत यातलं काही येत नाही. पोळीला कुठे अक्षरं कोरलेली असतात?

तिने शाळेत आणलेलं साधन म्हणजे एक पितळी तांब्या. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं त्याच्या गळ्याशी नाव होतं. मशीनने घातलेलं नव्हे, छिन्नीने ठिपके ठोकून काढलेलं: 'भागीरथी हिस बापूकडून'. परेराबाईंनी विचारलं, भागीरथी कोण? शालनला माहीत नव्हतं. आईला विचारलं, आई गप्प. वडिलांना विचारलं, ते उठून बाहेर गेले. शेवटी गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या चुलत्याने सांगितलं: भागीरथी ही शालनच्या वडिलांची थोरली बहीण. सासरहून परत पाठवलेली. तिने विहीर जवळ केली होती. घरात पुन्हा तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तिच्या लग्नात बापाने दिलेला तांब्या तेवढा राहिला होता, आणि त्यात रोज सगळे पाणी पीत होते.

"त्या दिवशी मला कळलं," शालन मुलाखतींत सांगते, "की माणसं गप्प बसली तरी धातू बोलतो." इथवर मी परेराबाईंना देऊन टाकते. भागीरथी कोण हा प्रश्न मी विचारला नसता. माझ्याकडे वेळ नव्हता.

पण यापुढे शालन जे सांगते ते खरं नाही.

ती सांगते, संपात घरातली भांडी एकेक करून मोडीत गेली. तांब्यासुद्धा जायचा होता. परेराबाईंनी तो शाळेत ठेवून घेतला, म्हणून वाचला. तो आज तिच्या टेबलावर असतो, त्यात ती पेन्सिली ठेवते. पेपरात फोटोही येतो.

काय झालं ते मी सांगते. परेराबाई गेल्यानंतर मी सगळी भांडी ज्याची त्याला परत करायला काढली होती. त्याच दुपारी शालनची आई स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. काटकुळी बाई, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"बाईनू, माझो तांब्यो खंय आसा?" ती म्हणाली. "घरात खावक नाय आणि ह्यां पोर तांब्यो घेवन शाळेत इलां. तुमी पोरांक असां शिकवतास?"

शिकवलं कोणी होतं आणि ऐकत कोण होतं. तांब्या माझ्या समोर टेबलावरच होता. मी तो उचलून तिच्या हातात द्यायचा, एवढंच काम. पण तिच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत ताटल्या वाजत होत्या. ती इथून थेट मोडवाल्याकडे जाणार हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर शालन आली. कपाट उघडलं की ती रोज एकदा डोकावून तांब्या जागेवर आहे ना ते बघून जायची.

"तो आत्ता मिळणार नाही," मी म्हटलं. "त्याला मार्क आहेत."

"तांब्याक मार्क?"

"हो. वर्षाच्या शेवटी साहेब येऊन बघतात. नसला तर मुलगी नापास."

मार्कांच्या बाबतीत मी आयुष्यात कधी थाप मारलेली नाही. पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी नगरसेवकाला, म्हणजे तेव्हाच्या त्या पोराला, रडवलेली बाई मी. पण ती थाप अशी सफाईने आली की माझं मलाच नवल वाटलं. शालनच्या आईने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नापास या शब्दापुढे आमच्याकडच्या आया हरतात. "मगे ऱ्हवांदे," म्हणून ती गेली. घरी तिने एवढंच सांगितलं असणार की शाळेने तांब्या ठेवून घेतला. बाकी शालनने मनाशी जुळवलं, आणि पहिल्याच प्रयत्नात चुकीचं जुळवलं.

वर्ष संपेस्तोवर तो तांब्या माझ्या नकाशांशेजारी राहिला. तोवर शालनच्या वडिलांना भांडुपच्या एका कारखान्यात रखवालदाराचं काम लागलं होतं. निकालाच्या दिवशी मी तांब्या चिंचेने घासून, चकचकीत करून तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "बाई, परेराबाई आता कुठे असतात?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

माहीत होतं. गोरेगावला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली होती.

पुढे शालन दहावी झाली. घरचे म्हणत होते डी. एड. कर आणि लवकर नोकरीला चिकट. ती घाटकोपरला कॉलेजात गेली, शिकवण्या करून फी भरली, प्राचीन लिप्या शिकली. माझ्या कानावर येत होतं. मीही कोणी विचारलं तर सांगायचे, "आमची विद्यार्थिनी." आमची म्हटलं की त्यात मीही थोडी मावायचे.

मग काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी शाळेत तिचा सत्कार ठरवला. शालनची एकच अट होती: परेराबाई व्यासपीठावर हव्यात. त्यांना शोधायचं काम कोणाकडे आलं असेल? "सामंतबाई, तुम्ही इथल्याच, तुम्हाला गावठाण माहीत." मी शोधलं. रोझीने फोनवर सांगितलं, "येते ना." कार्यक्रमात माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं. जे सगळ्यात ज्येष्ठ आणि ज्यांना बोलायला देण्यासारखं काही नसतं, त्यांना आमच्याकडे आभार देतात.

त्या दिवशी जुन्या स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. रोझीचे केस पांढरे झाले होते. तिने दार लोटलं आणि माझा हात धरला.

"सामंतबाई, एक सांगू? मला ही मुलगी आठवत नाय गो. काय पण आठवत नाय. मी नंतर कधी शिकवलंच नाय. आता तिथे जाऊन काय बोलू?"

मला त्या क्षणी काय वाटलं? आनंद झाला. इतकी वर्षं जिचं नाव पेपरात वाचत होते तिला काहीच आठवत नव्हतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण खिडकीतून बाहेर शालन दिसत होती. हातात मोगऱ्याची वेणी घेऊन उभी होती, परेराबाईंसाठी. आणि दुसरं म्हणजे, शालन लहानपणी कशी होती हे मला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. रोझी विचारत होती. मग मला थांबवेना. तिसरा बाक सांगितला, डावा हात, बापाच्या चपला, उपास, सगळं सांगितलं.

"आणि तो तांब्या? पत्रिकेत छापलाय तो?"

"तो तुम्ही ठेवून घेतलात."

"मी?"

"तसं छापलंय," मी म्हटलं.

रोझी माइकसमोर उभी राहिली. चपला सांगून झाल्या, उपासापर्यंत आली आणि थांबली. मग म्हणाली, "मी खोटं नाय बोलणार. हे सगळं मला सामंतबाईंनी आत्ता आत सांगितलं. मला शालन आठवत नाय. तीन महिनेच होते मी. तांब्या मी वाचवला असेल तर चांगलंच झालं, पण मला तसं आठवत नाय."

मी शालनकडे बघत होते. तिचा चेहरा क्षणभर आठवीतल्या मुलीसारखा झाला. मग ती उठली, वेणी रोझीच्या केसांत माळली आणि माइक हातात घेतला.

"बाईंना मी आठवत नाही, यात नवल काय? मी ज्यांचे लेख वाचते, त्यांना तरी मी कुठे आठवते? मला त्या आठवतात. माझं काम त्यावर चालतं."

टाळ्या थांबेनात. मी आभार मानले. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, वडे वेळेवर आणल्याबद्दल शिपायांचे. परेराबाईंचे विशेष. तांब्या शब्द तोंडापर्यंत आला होता, तो वड्यांबरोबर गिळला.

खाली चहा चालला असताना शालन माझ्याकडे आली. पाया पडली. सगळ्यांच्याच पडत होती. मग तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

"बाई, चपलांचं तुम्हाला कसं माहीत? उपासाचं? ते तर दिवाळीनंतरचं. तेव्हा परेराबाई नव्हत्या शाळेत. तुम्ही आम्हाला काय शिकवायचात? भूगोल ना?"

झिजलेली अक्षरं ती जशी बघत असेल, तशी मला बघत होती. आता एकच शब्द कमी होता. तो मी दिला असता तर पुढचं सगळं तिने उभ्या उभ्या लावलं असतं: कोणाचं कपाट, कोणाची थाप, कोणी घासला तांब्या. तिचा धंदाच तो. तिच्यामागे खुर्चीत रोझी बसली होती, केसांत वेणी, हातात बशी. ती सगळ्यांना सांगत होती, "मला खरंच आठवत नाय हो," आणि लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. शालन मधूनच मागे वळून ती गेली तर नाही ना, ते बघत होती. आठवीत कपाटात डोकावायची, तसंच.

"हो," मी म्हटलं. "भूगोल."